पटावरची पंधरावी खूण

अजित, मीरा,

गेल्या महिन्यात तुमच्या आईचं पत्र आलं. लीड्सच्या शाळेतल्या बाईंनी तिला बोलावून सांगितलं, मुलांशी घरी इंग्रजीतच बोलत जा, दोन भाषांनी त्यांचा गोंधळ होतो. आईनं मला विचारलं आहे, काय करू? त्याच आठवड्यात जंगलखात्याचा एक गार्ड आमच्या फाटकाला सायकल टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, बुधाजी मास्तर गेले. पंधरा दिस झाले."

तुमच्या आईला उत्तर लिहायला बसले आणि तीनदा कागद बदलला. मी वीस वर्षं शाळा तपासण्याची नोकरी केली. बुधाजी मास्तरांची जंगलातली शाळा त्या शाळांपैकी एक होती, आणि आईच्या प्रश्नाला माझ्याजवळ जे काही उत्तर आहे ते तिथलंच आहे. पण त्या शाळेबद्दल लिहायचं तर एक गोष्ट सांगावी लागते, जी मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितली नाही. ती ऐकण्याचा पहिला हक्क मास्तरांचा. म्हणून हे पत्र मी त्यांनाच लिहिते. तुम्ही शेजारी बसून ऐका. अडेल तो शब्द आईला विचारा.

मास्तर,

तुमच्या गावी मी पहिल्यांदा आले ती चोपन्न सालच्या सुरुवातीला, पौषात. धानोऱ्यापर्यंत मोटार, पुढे बैलगाडी, शेवटचा नाला पायी. पिशवीत नागपूरचा कागद होता. दोन भाषांतल्या शाळेला प्रायोगिक मंजुरी: पहिली-दुसरी गोंडीतून, सोबत मराठी; तिसरीपासून सगळं मराठीत. अटी दोन. शाळेचं घर गावानं बांधून द्यावं, आणि तपासणीच्या दिवशी निदान पंधरा मुलं हजर असावीत. कमी भरली तर अनुदान बंद.

घर गावानं बांधलेलं होतं. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर गवत, खाली सारवलेली जमीन. तुम्ही मला एकेक खांब हात लावून दाखवलात, कोणता कुणी आणला ते सांगत. सगळ्यांत जाड खांब भुमियाचा, म्हणजे गावच्या म्हाताऱ्या प्रमुखाचा होता. खांब त्यानं दिला, पण शाळा त्याला पटलेली नव्हती. तो माझ्यासमोर उकिडवा बसून म्हणाला, "बाई, गोंडी त पोराले पोटातूनच येते. ते शिकवाले मास्तर कायले लागते? मराठी शिकवा. बाजारात बनिया ठकवते, ते मराठीत ठकवते."

"दादा," तुम्ही म्हणालात, "पयले त्याले आपल्या बोलीत अक्षर दिसू द्या. मंग बनियाचं मराठी तो सोताच वाचन."

"आन् नाई वाचलं त?"

"त तुमचा खांब काढून घ्या."

म्हातारा इतका हसला की त्याला खोकला आला.

मग तुम्ही हजेरी घेतलीत. मुलं दोन रांगांत बसली होती. बाहेर दुपार होती, आणि जंगलातली दुपार किती गप्प असते ते मला तोवर माहीत नव्हतं. पानही वाजत नव्हतं. एकेक नाव, एकेक "हजर मास्तर". मग तुम्ही म्हणालात, "जुरी." आणि थांबलात. एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. कुणी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या रांगेत एक जागा मोकळी होती आणि तिथं एक पाटी ठेवलेली होती. पाटी नुकतीच धुतलेली, अजून ओली. दोन्ही बाजूंच्या मुली जराशा सरकून बसल्या होत्या, शेजारणीला कोपर लागू नये म्हणून बसतात तशा. कुणीही त्या जागेकडे पाहत नव्हतं, आणि कुणीही ती विसरलेलं नव्हतं.

मी हजेरीचा पट मागितला. नाव जुरी, वय आठ. पालकाच्या रकान्यात तुमचं स्वतःचं नाव. कार्तिकापासून रोज गैरहजर.

"तुमची मुलगी आजारी आहे का?"

"नाई बाई. मेली. कार्तिकात. ताप आला, तीन दिसांत गेली."

अशा वेळी मी नियमाकडे वळते. म्हणाले, "मग नाव कमी का केलं नाही?"

"दगड नाई रोवला अजून."

वर्गाला वजाबाकी समजावून द्यावी तशा आवाजात तुम्ही मला समजावलंत. मेलेल्या माणसाचा दगड उभा करायचा असतो. त्यासाठी बस्तरकडचे सोयरे यावे लागतात, सगळ्यांना जेवण द्यावं लागतं, म्हणून तो पीक हाती आल्यावरच रोवतात. कधी वर्ष जातं, कधी दोन. तोवर माणूस घरातच असतं. जेवताना त्याचा घास बाजूला काढायचा, त्याला नावानं हाक मारायची.

"हाक नाई मारली त भटकते बाई. आपल्याले विसरले म्हनते. हे लेकरू शाळेतलं. मंग शाळेतही मारा लागते."

महिनाभर न आलेल्या मुलाचं नाव कमी करायचं असतं, असं मी सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत. "नियम बराबर हाय. पीक आलं का दगड रोवतो. मंग तुमच्याच हातानं नाव काटा."

मी शेऱ्यात काही लिहिलं नाही. तुम्ही खोटं काहीच मांडलेलं नव्हतं. मेलेली मुलगी रोज गैरहजर होती, इतकंच पट म्हणत होता.

त्या साली पीक आलंच नाही. डोंगरावरचा बांबू फुलला. असा फुलोरा माणसाच्या आयुष्यात एखाददुसऱ्या वेळेस येतो; बी झडतं, बांबू उभ्या उभ्या वाळतो, आणि ते बी खाऊन माजलेले उंदीर मग शेतांत उतरतात. तुमचं धान त्यांनी खाल्लं. दगड राहून गेला.

मधल्या काळात तुम्ही शिक्षकांच्या शिबिरासाठी चांद्याला यायचात, तेव्हा आमच्या ओसरीवर आपले वाद व्हायचे. तुम्ही चहात बुडवून बिस्किट खायचात आणि मी माझ्या वह्यांवर अनुक्रमांक घालत असायची. मुलांनी मला घड्याळबाई नाव ठेवलंय, हे तुम्हीच मला सांगितलंत, आणि सांगताना तुम्हाला फार आनंद झाला होता. माझं म्हणणं ठरलेलं असायचं. मी स्वतः इंग्रजीत शिकले. घरची भाषा घरी राहिली आणि माझं काही बिघडलं नाही. गोंडी दोन वर्षं पुरे. मूल एकदा मराठी वाचायला लागलं की गोंडी आपोआप मागे पडेल, पडू द्यावी.

"मंग तिसरीतलं पोरगं घरी जाऊन मायले इतिहास कोन्या भाषेत सांगन?" तुम्ही विचारलंत.

"आईला कशाला इतिहास सांगायचा?"

"तिनंच त विचारलं, बाई. आज का शिकला म्हून."

मी म्हणाले, पुढच्या वेळी बोलू. पुढच्या वेळी दुसराच वाद निघाला, आणि हा तसाच राहिला. माझ्या आईनं मला एकदाही विचारलं नव्हतं, आज काय शिकलीस. आता वाटतं, विचारलं असेल, आणि मला सांगता आलं नसेल.

दुसरी तपासणी पंचावन्नच्या चैत्रात ठरली. तारीख वरून आली होती. चैत्रात मोह गळतो हे वर कुणाला माहीत असणार? पहाटेपासून अख्खी घरं टोपल्या घेऊन फुलं वेचायला जंगलात जातात, मुलंसुद्धा. वर्षाची ती एक कमाई कोण सोडील? मी सकाळी पोचले तेव्हा शाळेत सहा मुलं होती. बाकीच्यांना बोलावून आणायला तुम्ही मोठ्या मुलींना जंगलात पिटाळलंत. भुमिया स्वतः हाका घालत फिरला, "चला रे, घड्याळबाई आली, फुलं कुठी पळत नाई!" दुपारपर्यंत चौदा मुलं जमली. त्यांच्या अंगाला मोहाचा गोड, जड वास येत होता. नाल्यापलीकडची मुलं लांब गेली होती, ती येणं शक्य नव्हतं.

तपासणीची हजेरी तपासनिसानं स्वतः घ्यायची असते. तुम्हाला मी बाहेर उभं केलं. तुमचाच पट, तुमचाच टाक, तुमचीच दौत. मी नाव घेत गेले आणि खूण करत गेले. चौदा खुणा झाल्या. मग जुरीचं नाव आलं. ते मला ओलांडता आलं असतं. पण मी हाक मारली, कारण यादीतलं नाव सोडून पुढे जाणं मला जमत नाही.

आणि उत्तर आलं.

मी वर पाहिलं. एकही मूल बोललेलं नव्हतं. चौदाच्या चौदा तोंडं मिटलेली होती आणि सगळे माझ्याकडे पाहत होते, कुणी उशिरा आलेलं वर्गात शिरताना मुलं बाईंकडे पाहतात तसे: आता ही हिला आत घेते की रागावते? ओली पाटी जागच्या जागी होती. माझा हात पटावर होता. मी खूण केली. खाली लिहिलं, एकूण हजर पंधरा, आणि सही केली.

बाहेर येऊन तुम्हाला म्हणाले, "भरले." तुम्ही पट पाहिलात. त्या खुणेवर तुमचं बोट थांबलं. मग तुम्ही पट मिटलात आणि मला आंबील प्यायला दिलीत.

छप्पन साली आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे कागद मुंबईला गेले. सत्तावन्नच्या सुरुवातीला एक नवे साहेब आले. दोन भाषांची शाळा पुढे चालू ठेवायची का, याची सुनावणी त्यांनी चांद्याच्या कचेरीत लावली. गावकऱ्यांचं मत घ्यायचं ठरलं. तुम्ही अकरा माणसं घेऊन तीन दिवस चालत आलात. ती सगळी कचेरीच्या व्हरांड्यात पाय पोटाशी घेऊन बसली होती, भुमिया सगळ्यांत पुढे.

साहेब सभ्य होते. म्हणाले, "दोन्ही भाषांत शाळा हवी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

अकराही जणांनी हात वर केले. भुमियानं दोन्ही हात वर केले.

"एकच हात, बाबा."

"एक माहा हाय साहेब. हा दुसरा माह्या भावाचा."

"भाऊ कुठं आहे?"

"मेला आवंदा. त्याचाही दगड राह्यला. पन शाळेले तो तयार होता. जिवंत असता त चालत आला असता, आता माह्याच हातानं येईन न्."

कारकून फिसकन हसला. "मंग पुढच्या सालात पोरंही तिकडूनच आनता का, बुवा?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी समोरचा पट उघडला. कोतवालाची जन्ममृत्यूची वही त्यांनी आधीच मागवून ठेवली होती. दोन्ही वह्या शेजारी ठेवून ते म्हणाले, "पोरं तर आधीपासूनच येताहेत. ही मुलगी पंचावन्नच्या चैत्रातल्या तपासणीला हजर आहे. मेली त्याआधी दीड वर्ष, कार्तिकात." त्यांनी दोन्ही ओळींवर बोट ठेवलं. "ही नसती तर चौदा भरले असते. खूण कुणी केली?"

शाई तुमची होती, मास्तर. टाक तुमचा होता. मी खुर्चीवर बसले होते, साहेबांच्या उजव्या बाजूला.

तुम्ही उभे राहिलात. "मी केलो साहेब."

"का?"

"माही पोरगी होती."

साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, सही तुमची आहे. ही मुलगी हयात नाही हे तुम्हाला ठाऊक होतं?"

मी म्हणाले, "नाही."

एवढंच. सगळ्या नोकरीत मी ते एकच खोटं बोलले, आणि ते एका शब्दापुढेही गेलं नाही. बाकीचं काम तुमच्या उत्तरानं करून टाकलं होतं. मला निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. ते मी त्या क्षणी मोजलं, हे खरं आहे. अनुदान बंद झालं. तुमची नोकरी गेली. अहवालात लिहिलं गेलं, की या भागात योजनेला मिळणारा पाठिंबा विश्वासार्ह नाही.

भुमिया जाताना माझ्याजवळ थांबला. वाटलं, आता हा बोलणार. तो म्हणाला, "बाई, तुमच्या घरी कोनी गेलं का? तोंड उतरलं तुमचं."

अठ्ठावन्नच्या पौषात मी निवृत्त होऊन तुमच्याकडे आले. मनाशी कबुलीचं वाक्य तयार केलेलं होतं. शाळा भरलेली पाहिली आणि मी मुलांच्या मागे जाऊन बसले. पगार नाही, सरकारचा पट नाही, आणि तुम्ही फळ्यावर एका बाजूला गोंडी, दुसऱ्या बाजूला मराठी लिहीत होतात. गाव तुम्हाला घरटी तांदूळ देत होतं. हजेरी घेतलीत ती तोंडी. जुरीचं नाव घेतलं नाही.

मुलं गेल्यावर तुम्ही मला गावाबाहेर नेलंत. सागाच्या सावलीत दगडांची ओळ होती, काही माझ्या खांद्याएवढे, आणि टोकाला एक लहान, गुडघ्याएवढा, नवा.

"मागच्या चैतात रोवला," तुम्ही म्हणालात. "आता हाक नाई मारत."

मी मान हलवली. बोलायची हीच वेळ होती.

"बाई," तुम्ही दगडाकडे बघत विचारलंत, "कसा होता आवाज?"

"कुणाचा?"

"तुम्ही पटावर खूण केल्या होत्या. ऐकल्याबिगर खूण करनाऱ्या तुम्ही नोहे. मी साडेतीन वर्स रोज हाक मारलो. मले एकदाही नाई आला. तुमाले आला. म्हून इचारून राह्यलो, कसा होता?"

तुम्ही माझ्यावर रागावलेले असता तर मला बोलता आलं असतं. तुम्हाला फक्त तेवढंच हवं होतं. आणि मी, मास्तर, दुसऱ्यांदा तेच केलं. मला वाटलं, आवाज कबूल केला तर खूण कबूल केली, आणि खूण कबूल केली तर ती खुर्ची, तो व्हरांडा, सगळंच. म्हणाले, "मला काही आठवत नाही." तुम्ही लगेच म्हणालात, "राहू द्या, राहू द्या, चालून चालून थकल्या असान," आणि मला आंबील दिलीत, पुन्हा.

तेव्हापासून मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे, तो आवाज मला पंधरा हवे होते म्हणून आला का? मी इंग्रजी शिकलेली बाई आहे, अशा वेळी काय म्हणायचं असतं ते मला माहीत आहे. पण तुम्ही विचारलं होतं ते वेगळंच होतं. तुम्ही विचारलं होतं, कसा होता. त्याचं उत्तर देते.

बारीक होता. थोडा घोगरा, नुकतं पाणी पिऊन आलेल्या मुलीचा असतो तसा. इतर मुलं "हजर बाई" म्हणाली, ती तसं म्हणाली नाही. ती तुमच्या बोलीत म्हणाली, मी इथं आहे. घाईनं, पुढचं नाव यायच्या आत सांगून टाकावं तशी. आणि आवाजात भीती नव्हती, मास्तर. मला भीती वाटली, तिला नव्हती. मला वाटतं, ती तुमच्या साऱ्या हाका ऐकत होती.

मंगळवारी मी मुंबईच्या कचेरीला लिहिलं: सदर तपासणीतील पंधरावी खूण माझी, मुलीचा मृत्यू मला ठाऊक होता, शिक्षकाचा दोष नाही, शाळेच्या अनुदानाचा फेरविचार व्हावा. पोच आलेली नाही. तुम्ही हयात असताना हे लिहायला मला एक वर्ष मिळालं होतं, आणि मी त्या वर्षात माझ्या वह्या नीट लावल्या.

अजित, मीरा, तुमच्या आईला माझं उत्तर असं: शाळेत इंग्रजी शिकू दे, चांगली शिकू दे. संध्याकाळी त्यांना मराठीत विचार, आज काय शिकलात. त्यांना सांगता येईपर्यंत थांब.

मास्तर, गार्डाकडून कळलं ते तुम्हाला सांगते. तुमच्या पहिल्या वर्गातली रैनी आता सोळा वर्षांची आहे. तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी तिनं शाळा उघडली. नऊ मुलं येतात. सकाळी गोंडी, दुपारी मराठी. सरकारच्या कुठल्याही कागदावर ही शाळा नाही. ती भरते.